विज्ञान दिनाला सोयाबीन मांडण्याआधी

28 फेब्रुवारीला अकरावीच्या मुलांसमोर प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स) रोखणारी प्रथिनं मांडायची, तर ती सोयाबीनमध्ये असतात, आणि लातूरकडे सोयाबीन शोधत फिरावं लागत नाही. मोंढ्यातून मूठभर आणा. पेरणीच्या पिशवीतलं बियाणं मात्र नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. दाणे न भाजता दळा, पीठ डिस्टिल्ड पाण्यात भिजवून गाळणकागदातून नितळ पाणी काढा. ट्रिप्सिन, म्हणजे पचनातलं एक प्रोटिएज, त्याच सकाळी विरघळवा. आदल्या दिवशी करून ठेवलं तर ते स्वतःलाच पचवत बसतं. लाइट जाणार हे धरून थर्मासमध्ये बर्फ भरून ठेवा, आणि ट्रिप्सिनची पूड नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा.

साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं पातळ पाणी करा, त्यात चिमूटभर खायचा सोडा घाला. एका नळीत नुसतं ट्रिप्सिन घातलं की दूध हळूहळू नितळतं. दुसरीत सोयाबीनच्या पाण्यात मिसळून ठेवलेलं ट्रिप्सिन घाला, पांढरेपणा टिकतो. तिसरीसाठी सोयाबीनचं पाणी अर्धा तास उकळून घ्या. रोखणारं प्रथिन त्यात बरंचसं निकामी होतं, म्हणून दूध पुन्हा नितळू लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाची तयारी. सोयाबीनचं हे प्रथिन आकार बदलून एन्झाइम अडवतं, असं मुलांना सांगू नका. मोझेस कुनिट्झ यांनी 1945 मध्ये स्फटिकरूपात मिळवलेलं हे प्रथिन ट्रिप्सिनच्या खाचेत घट्ट बसतं, पण त्याचा आकार फारसा बदलत नाही. खरा आकार बदलतात ती सर्पिन, म्हणजे प्रोटिएज रोखणाऱ्या प्रथिनांचं दुसरं कुटुंब, आणि त्यांच्यासाठी वेगळं टेबल हवं.

तिथे आपल्या रक्तातलं अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे सर्पिन पुठ्ठ्याचं करा. पाच पट्ट्या उभ्या चिकटवा, तीन एकीकडे, दोन दुसरीकडे, मध्ये फट ठेवा. वर लवचिक पट्टीची कमान लावा आणि 358 व्या अमिनो आम्लापाशी, म्हणजे मेथिओनिनपाशी, खूण करा. लाल चेंडू म्हणजे प्रोटिएज. तो खुणेपाशी कमान कापतो, पण कापलेल्या टोकाशी त्याचा रासायनिक बंध अजून सुटलेला नसतो. तेवढ्यात ताणून ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखी कमान सुटते, फटीत शिरून सहावी पट्टी होते आणि एन्झाइमला सुमारे 7 नॅनोमीटर ओढत खालच्या टोकाला नेते. तिथे त्याची खाच इतकी विस्कटते की बंध तोडून सुटणं त्याला जमत नाही. 2000 मध्ये ट्रिप्सिनसकट या जोडीची स्फटिकरचना मिळाली, तेव्हा हे स्पष्ट दिसलं. चेंडू वरून खाली नेण्याचा सराव चार-पाचदा करा. घाईत केलं तर मुलांना नुसता चेंडू पडलेला दिसतो.

नीटची तयारी करणारी मुलं विचारतीलच की सर्पिन पुन्हा वापरता येतं का. उत्तर तयार ठेवा: सोयाबीनचं प्रथिन एन्झाइमपासून सुटून पुन्हा कामाला येऊ शकतं, सर्पिन एकदाच चालतं, आणि अडकलेली जोडी यकृत रक्तातून काढून टाकतं.