बीजगणितासाठी ऑनलाइन मदत शोधताय? आधी एवढी तयारी करून ठेवा

होमस्कूलिंग करणाऱ्या बऱ्याच घरांत तेरा-चौदाव्या वर्षी हे होतंच, बाकी सगळं छान चाललेलं असतं आणि बीजगणितापाशी गाडी अडते. मग आपण रात्री फोन घेऊन बसतो, दोन ॲप टाकतो, तीन ट्यूटरच्या ट्रायल लावतो, आणि महिन्याने मूल होतं तिथेच. माझ्या मुलीच्या वेळी मी हेच केलं आणि त्यात तिचा आत्मविश्वास जो गेला तो परत यायला खूप वेळ लागला, म्हणून हे सगळं लिहून काढतेय. माझं म्हणणं एकच आहे, नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधा आणि कोणाकडे जायचं ते त्यानंतर ठरवा, उलटं करू नका.

तर पहिली गोष्ट म्हणजे वही. नवी कोरी नाही, गेल्या महिना-दोन महिन्यांची, खाडाखोड असलेली. त्यातली चुकलेली पंधरा-वीस गणितं काढा आणि ती परत सोडवायला लावू नका, नुसतं शेजारी बसून विचारा की इथे तू काय केलंस, मला सांग. आणि मग गप्प बसा, हे सगळ्यात अवघड आहे पण बसा. आमच्याकडचं एक गणित अजून डोळ्यासमोर आहे, ७ − (क्ष − ४) = ५. हिने पुढची ओळ लिहिली होती ७ − क्ष − ४ = ५, मग ३ − क्ष = ५, मग क्ष = −२. मी विचारलं कंसाचं काय केलंस, तर म्हणाली, "आई, कंस काढला ना, मग झालं की." आता बघा, ३ − क्ष = ५ वरून −२ पर्यंत ती अगदी बरोबर गेली होती, म्हणजे समीकरण सोडवणं तिला येत होतं, अडत होतं ते फक्त कंसाआधीच्या वजाचं, की तो वजा कंसातल्या प्रत्येक पदाला लागतो आणि −४ चं +४ होतं, मग ११ − क्ष = ५ आणि उत्तर ६. हे काम दोन-चार दिवसांचं होतं आणि मी मात्र तिला "इक्वेशन्स येतच नाहीत" असं धरून वर्षभराच्या कोर्सचा फॉर्म भरायला बसले होते.

चुकांचे गट पाडा. ऋण संख्या आणि चिन्हं एकीकडे, अपूर्णांक एकीकडे, कंस सोडवणं, घात, शाब्दिक उदाहरणं, आणि नुसतं वरून खाली उतरवताना झालेल्या चुका वेगळ्या (या शेवटच्या निघाल्या तर वहीत जागा सोडून लिहायला लावा, तेवढ्याने पण बराच फरक पडतो). बऱ्याचदा एकाच गटात ढीग जमतो. क्ष/२ + क्ष/३ = १० यावर अडलेल्या मुलाला एकदा साधं १/२ + १/३ विचारा, २/५ असं उत्तर आलं तर त्याला बीजगणिताचा ट्यूटर नकोच आहे, त्याला अपूर्णांक परत हवेत, ५/६ का येतं ते चित्र काढून समजायला हवं, मग क्ष = १२ आपोआप येतं. शाब्दिक उदाहरणांत एक ठरलेली चूक असते, "मुलग्यांची संख्या मुलींच्या तिप्पट आहे" असं वाचलं की मुलं ३ × मुलगे = मुली असं लिहून टाकतात आणि ते नेमकं उलटं असतं. तिथे गणितापेक्षा वाचनाचं काम जास्त आहे. एकदा खरे आकडे घालून बघायची सवय लावा, मुली १० तर मुलगे ३०, आता तुझं समीकरण खरं ठरतंय का बघ.

आणि बरोबरचं चिन्ह! हे मी आधी कधी तपासलंच नव्हतं. ८ + ४ = ☐ + ५ एवढंच लिहून द्या. चौकटीत १२ आलं तर समजा की मुलाच्या मनात = चा अर्थ "आता उत्तर लिही" असा बसलाय, दोन्ही बाजू सारख्या असा नाही, आणि त्या पायावर समीकरण हा प्रकार कळणं कठीणच, तो नुसता इकडचं तिकडे नेण्याचा खेळ होऊन बसतो. हे चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या गणितज्ञाने आणलं, दोन समांतर रेघा काढल्या कारण त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. मुलांना हे सांगितलं की लक्षात राहतं. शिवाय कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या साइटवर इक्वॉलिटी एक्सप्लोरर नावाचं फुकट सिम्युलेशन आहे, त्यात तराजूच आहे, दोन्ही पारड्यांतून सारखं काढायचं. "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे वाक्य थोडे दिवस घरात बोलायचंच नाही असं आम्ही ठरवलं होतं, त्याऐवजी दोन्ही बाजूंतून ३ वजा केले असं पूर्ण म्हणायचं, आणि त्याचा खूप उपयोग झाला.

वही झाली की एक चाचणी. खान अकॅडमी फुकट आहे, तिथे प्री-अल्जेब्रा, अल्जेब्रा बेसिक्स, अल्जेब्रा वन असे कोर्स आहेत, प्रत्येकात युनिट टेस्ट आणि शेवटी कोर्स चॅलेंज असतं. कोर्स पहिल्यापासून सुरू करायच्या आधी चॅलेंज देऊन बघा, काय येतं काय नाही ते लगेच समोर येतं. गेट रेडी फॉर अल्जेब्रा वन हाही एक आहे, तो तर मागचं राहिलेलं भरून काढण्यासाठीच आहे. इयत्तेची लाज बाळगू नका, चौदा वर्षांच्या मुलाने सहावीच्या पातळीचे अपूर्णांक केले म्हणून काही बिघडत नाही. ही साइट ज्यांनी काढली ते साल खान २००४ मध्ये आपल्या कझिनला लांबून फोनवर शिकवायला लागले होते, आणि ती अडली होती कशावर तर एककांच्या रूपांतरावर, त्या एका गोष्टीमुळे मुलगी गणितात मागे पडत होती. मला हे फार धीर देणारं वाटतं. चाचणी देताना मात्र मुलाच्या खांद्यावरून डोकावू नका, हिंट द्यायची नाही, "अगं हे येतं तुला" असंही नाही.

आता एका पानाची चिठ्ठी तयार करा, जो कोणी शिकवणार त्याला देण्यासाठी. वय, पुढे कोणत्या बोर्डाची परीक्षा द्यायची आहे आणि कधी, काय पक्कं आहे, काय कच्चं आहे, सलग किती वेळ बसू शकते. आमच्या चिठ्ठीत असं होतं, "एका चलातली साधी समीकरणं येतात. कंसाआधी वजा असला की चुकते. अपूर्णांक असलेली समीकरणं टाळते. आलेख आवडतात. घाई केली की बंद पडते." एवढं दिलं की पहिला तास ओळख करून घेण्यात जात नाही. आणि चुकलेल्या दोन-तीन गणितांचे फोटो जोडा, ते आपल्या वर्णनापेक्षा जास्त बोलतात.

भाषेचं पण बघून ठेवा, कारण नेटवरचं बहुतेक साहित्य अमेरिकन इंग्रजीत आहे आणि मूल मराठीतून शिकलेलं असलं तर गणित येत असूनही शब्दावर अडतं. चल म्हणजे व्हेरिएबल, सहगुणक म्हणजे कोएफिशियंट, अवयव पाडणे म्हणजे फॅक्टरिंग, एकसामयिक समीकरणं म्हणजे तिथे सिस्टिम ऑफ इक्वेशन्स, हा कागद भिंतीवर लावा. रेषेचं समीकरण काही ठिकाणी एमएक्स अधिक सी असतं, अमेरिकेत एमएक्स अधिक बी. कोणती क्रिया आधी करायची त्या क्रमाला आपण बॉडमास म्हणतो, तिकडे पेमडास म्हणतात, आणि त्यात गुणाकाराचं अक्षर आधी येतं म्हणून मुलांना वाटतं नियमच वेगळा आहे. नियम एकच, गुणाकार-भागाकार एका पायरीवर, डावीकडून उजवीकडे, म्हणजे १२ ÷ ३ × २ चं उत्तर ८, दोन नाही.

मग कोणती मदत कशासाठी, हे तर चुकांच्या गटांवरूनच ठरतं. जिथे नुसता सराव कमी पडलाय तिथे माणूस शोधू नका, सराव देणारी साइट पुरते. जिथे डोळ्यांना दिसायला हवं, म्हणजे आलेख, चढ, दोन रेषा कुठे छेदतात, तिथे डेसमॉस नाहीतर जिओजेब्रा, दोन्ही फुकट, आकडा सरकवला की रेषा हलते आणि मुलाला स्वतःलाच कळतं. वाचून शिकणाऱ्या मुलांसाठी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सवर प्री-अल्जेब्रा आणि एलिमेंटरी अल्जेब्राची पूर्ण पुस्तकं फुकट आहेत, सोडवलेल्या उदाहरणांसकट. व्हिडिओ बघायचा तर गणित फळ्यावर आलं की पॉज, आधी वहीत स्वतः, मग पुढे, नाहीतर बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि वही उघडली की काहीच नाही. आणि जिथे मूल तीच चूक परत परत करतंय आणि का ते त्याला कळत नाहीये तिथे मात्र माणूसच हवा. स्कूलहाउस डॉट वर्ल्डवर स्वयंसेवक छोट्या गटांना फुकट शिकवतात, तिथली वयाची अट आधी वाचून घ्या.

ट्यूटरची ट्रायल असेल तर मी एकच परीक्षा घेते. मुलीने चुकवलेलं तेच गणित द्यायचं, चुकीच्या उत्तरासकट, आणि बघायचं की समोरचा माणूस काय करतो. लगेच पुसून बरोबर पायऱ्या लिहून दाखवतो, की "तू हे कसं केलंस?" असं विचारतो. दुसरा भेटला तर त्याला सोडू नका. आणि तासभरात पेन जास्त वेळ कोणाच्या हातात होतं ते बघा. बाकी तास चुकला तर काय, गृहपाठ कोण तपासणार, आपला सिलॅबस की त्यांचा, हे आधीच बोलून घ्यावं. ट्यूटर दुसऱ्या देशात असेल तर तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे होतं का तेही विचारा, आमचे दोन तास त्यातच बुडाले.

साधनांत लॅपटॉप आणि हेडफोन हे सगळ्यांना माहीतच आहे, पण बीजगणितात खरी अडचण लिहिण्याची असते, कीबोर्डवर अपूर्णांक टाइप करत बसलं की विचार तुटतो. पेन टॅबलेट असला तर उत्तम, नसला तर जुना फोन पुस्तकांच्या दोन चळतींमध्ये आडवा ठेवायचा, कॅमेरा खाली वहीकडे, आणि त्याच मीटिंगमध्ये दुसऱ्या नावाने जोडायचा, त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो. शिकवणाऱ्याला मुलाचा हात दिसला पाहिजे, चूक नेमकी कोणत्या ओळीत होते ते त्याशिवाय कळत नाही. आदल्या दिवशी एकदा जोडून बघा.

सुरक्षिततेत मी अजिबात सूट देत नाही. अकाउंट पालकांच्या ईमेलवर, तास घरातल्या उघड्या खोलीत, शिकवणाऱ्याशी मेसेज होतील ते आपणही असलेल्या ग्रुपवर, रेकॉर्डिंग करायचं तर दोघांना विचारून.

फोटो काढला की पायऱ्या दाखवणारी फोटोमॅथसारखी ॲप आणि एआय चॅटबॉट, यांचं घरात आधीच ठरवून टाका. बंदी घालून चालत नाही असं माझं मत आहे, पण आधी वहीत स्वतःचा प्रयत्न, मग विचारायचं, आणि विचारायचं तेही "पुढची एकच पायरी सुचव" एवढंच. चॅटबॉट चुकीची पायरीसुद्धा अगदी ठाम भाषेत सांगतो हे मुलाला एकदा दाखवून द्या. उत्तर तपासायला खरं तर कोणीच लागत नाही, परत समीकरणात घालायचं. ७ − (६ − ४), म्हणजे ७ − २, म्हणजे ५, जमलं. −२ घातलं तर ७ − (−६), येतात १३, नाही जमलं. हे ज्या दिवशी माझ्या मुलीला स्वतःचं स्वतः करता आलं त्या दिवशी तिने मला हाक मारून दाखवलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही.

वेळेचं म्हणाल तर रविवारी दोन तास नको, आठवड्यातले चार-पाच दिवस पंचवीस-तीस मिनिटं. आणि हे सगळं ठरवताना मुलाला बाजूला ठेवू नका, त्याच्यासमोर "मलाही कधी गणित जमलं नाही" असं तर बोलूच नका, ते त्याला सुटका झाल्यासारखं वाटतं आणि मग ते प्रयत्न सोडतं. मी तिला विचारलं की तुला कसं शिकायला आवडेल, तर म्हणाली गटात चुकायची भीती वाटते, एकटीला कोणीतरी शिकवू दे. मी तीन आठवडे तिला गटातच बसवत होते.

पाच-सहा आठवड्यांनी तीच जुनी वही काढा, तीच गणितं आकडे बदलून द्या. ज्या गटात ढीग होता तो कमी झाला नसेल तर शिकवणाऱ्याशी बोला, आणि बोलूनही काही बदललं नाही तर माणूस बदला, त्यात संकोच नको.

पहिल्या तासाच्या आदल्या संध्याकाळी वहीचं नवं पान काढायचं, वर तारीख घालायची, आणि मुलाने स्वतःच्या हाताने तीन प्रश्न लिहायचे. आमच्या पानावर तिसरा प्रश्न होता, "कंसाच्या बाहेर नुसता वजा असला तर तिथे १ लपलेला असतो का?"