दर्शनी कोपऱ्यातलं झाड मेलंय? नवीन आणण्याआधी या चुका टाळा

घराच्या पुढच्या कोपऱ्यातलं झाड गेलं की तो बोडका कोपरा लोकांना दोन दिवससुद्धा बघवत नाही. लगेच नर्सरी गाठायची, फुलांनी लगडलेलं काहीतरी गाडीत घालायचं आणि संध्याकाळच्या आत जुन्याच खड्ड्यात रोवून मोकळं व्हायचं. मग काही महिन्यांनी तक्रार: "हेही गेलं हो. आमच्या कोपऱ्यालाच काहीतरी आहे." असतंच काहीतरी. पण ते वाकून बघायची तसदी कोण घेणार?

मेलेल्या झाडाची चौकशीच न करणं

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. झाड बुंध्याशी कापून टाकू नका, मुळासकट उपटा आणि मुळं धुऊन बघा. काळी, मऊ, कुबट वासाची, चिमटीत धरून ओढली की साल निघून येणारी मुळं म्हणजे पाणी साचून झालेली कूज. कोरडी, ठिसूळ मुळं म्हणजे वरून रोज पाणी शिंपडलं, खाली पोचलंच नाही. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळं पोखरणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म जंतांचा, संशय घ्या. आणि मुळं अजून कुंडीच्याच आकारात गोल फिरलेली असतील, तर ते झाड तुमच्या जमिनीत कधी रुजलंच नव्हतं. वाळवी दिसली की सगळे तिच्यावर खापर फोडतात, पण बऱ्याचदा ती आधीच मेलेल्या लाकडावर नंतर आलेली असते.

माझ्या मावसबहिणीला तिच्या घराच्या दर्शनी कोपऱ्यात अनंताचंच झाड हवं होतं. पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. शेतकरी ज्याला केवडा पडणं म्हणतात, तेच. कोणी लोहाची फवारणी सांगितली, कोणी शेणखत, कोणी जास्त पाणी. सगळं करून झालं, अनंत गेला. दुसरा आणला, तोही त्याच वाटेने निघाला. शेवटी मी म्हटलं, आता नवीन आणायच्या आधी खणू. कुदळ हातभर खाली गेली आणि खणकन वाजली. प्लास्टरच्या पापुद्र्यांपासून विटांच्या तुकड्यांपर्यंत सगळा राडारोडा, आणि त्याखाली सिमेंटचं एक अख्खं पोतं, पोत्यातच दगड झालेलं. पोतं कुजून गेलं होतं, पण त्याची वीण सिमेंटवर जशीच्या तशी उमटलेली होती. बांधकाम संपताना उरलंसुरलं पुरून वर चार घमेली लाल माती पसरली, की कोपरा तयार!

सिमेंट आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह असूनही अनंत, एक्झोरा अशा झाडांना ते उचलता येत नाही. फवारणीने पानं काही दिवस हिरवी होतात, पण माती आहे तशीच राहते. त्यात पावसाळी पाइपचं तोंडही तिथेच सोडलेलं होतं. खड्डा पाण्याने भरून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जवळपास तेवढंच होतं आणि वर मुंग्या तरंगत होत्या. मग राडारोडा काढला, पाइप पुढे वाढवला आणि तिथे कण्हेर लावली. कण्हेर अशी माती आणि भिंतीची झळ दोन्ही सोसते. पण ती पानाफुलांपासून काडीपर्यंत सगळी विषारी असते. घरात रांगतं मूल किंवा काहीही चघळणारं जनावर असेल तर तिचं नाव काढू नका. अनंत आता बहिणीकडे कुंडीत आहे, वेगळ्या मातीत, आणि बरा आहे.

निचरा बघायला उपकरण लागत नाही. फूटभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्या, काठोकाठ भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून तासाभरात पाणी किती उतरतं ते मोजा. 1 ते 3 इंच उतरलं तर छान. अर्धा इंचही उतरत नसेल तर ओल सोसणारं झाड शोधा, नाहीतर वाफा उंच करा. मात्र ती माती भिंतीला टेकवू नका, घरात ओल येते. एवढी साधी चाचणी करायची म्हटलं तरी लोक विचारतात, "करायलाच पाहिजे का?" नका करू. नर्सरीवाल्याचं पोट चालू राहील.

नर्सरीतली उंची बघून झाड निवडणं

कुंडीत कमरेइतकं दिसणारं झाड म्हणजे बाळ असतं, हे लोकांना पटतच नाही. फायकस बेंजामिना हे त्याचं ठळक उदाहरण. चकचकीत पानं, सुबक आकार, आणून लावला भिंतीपासून दीड फुटावर. जमिनीत मोकळा सुटलेला हा फायकस 40-50 फुटांपर्यंत सहज जाऊ शकतो, आणि त्याची मुळं फरशा उचलतात. मग दर काही आठवड्यांनी कात्री घेऊन त्याच्या मागे लागायचं. छाटून बसवता येईल म्हणून मोठं होणारं झाड आणणं म्हणजे दोन नंबर मोठा बूट घेऊन पुढे कापूस कोंबणं. आणि सततच्या छाटणीत कामिनीसारख्या झाडाच्या कळ्याही जातात, मग "आमच्याकडे फुलतच नाही" हे ऐकायला आपण आहोतच.

माझा हिशेब सरळ आहे. पूर्ण वाढीला झाडाचा घेर, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी, किती, त्याच्या निम्मं अधिक एक फूट, एवढं अंतर दोन्ही भिंतींपासून सोडायचं. घेर 6 फूट असेल तर 4 फूट. तो जादा फूट रंगाऱ्याला उभं राहायला आणि भिंतीला हवा लागायला. उंची छताच्या कडेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास थांबेल असं झाड घ्यायचं, म्हणजे कोपरा भरतो आणि घर झाकलं जात नाही.

सुरुवातीला जागा रिकामी दिसणार. दिसू दे. तिथे एकाच्या जागी तीन झाडं कोंबणाऱ्यांचा मला भारी राग आहे. मधल्या काळात सदाफुली, झेंडू लावा, नंतर काढून टाका.

पटकन सांगण्यासारख्या बाकीच्या चुका

ऊन न बघता झाड घेणं. सुट्टीच्या दिवशी सकाळी, भर दुपारी आणि चार वाजता कोपऱ्यात जाऊन उभे राहा. सहा तास ऊन असेल तरच "पूर्ण ऊन" म्हणा. पश्चिमेची भिंत तापून रात्रीपर्यंत झळ मारते, तिथे नाजूक पानांचं झाड करपतं. ऋतूप्रमाणे ऊन सरकतं, हेही धरून चाला.

वळचणीखाली लावणं. पाऊस पडतो, पण त्या दोन फुटांत पडत नाही. आणि नेमकं पागोळ्यांखाली लावलं तर मुळाजवळची माती वाहून जाते.

एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर लावणं. त्या गरम वाऱ्याला कोणतंही खत पुरं पडत नाही.

येण्याजाण्याच्या वाटेवर बोगनवेल. काटे कोणाला लागतील ते सांगायला नको.

जुन्या खोडाचा भुसा खड्ड्यात मिसळणं. तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. वर आच्छादन म्हणून चालेल, दोन-तीन इंच, बुंध्यापासून चार बोटं लांब.

मेलेल्या झाडाच्याच जातीचं झाड त्याच खड्ड्यात. मूळकुजीचे जंतू मातीतच असतात, त्यांना आयतं मिळतं.

खोल लावणं. खड्डा हुंडीच्या (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) दुप्पट-तिप्पट रुंद हवा, खोल मात्र हुंडीएवढाच. बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे.

पिशवी काढल्यावर हुंडी सगळीकडून फिरवून बघा. मुळं गोल फिरली असतील तर धारदार पात्याने तीन-चार जागी उभा छेद द्या. इथे सगळ्यांचे हात थरथरतात, "झाडाला लागेल हो." द्या. आणि पहिले काही आठवडे पाणी हुंडीवरच पडू दे. मुळं अजून तिथेच असतात, लांब आळं भरून त्यांना काही मिळत नाही. पुढे नवीन पालवी धरली की आळं बाहेर सरकवत जा.