शाळा म्हणते बजेट नाही, तेव्हा काय करायचं

मी अमेरिकेतल्या एका पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये बिहेविअर स्पेशालिस्ट आहे. आयईपी म्हणजे स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलासाठी लिहिलेला त्याचा स्वतःचा शिक्षण-आराखडा; तो ठरवायच्या मीटिंगमध्ये मी शाळेच्या बाजूला बसते. मराठी आईबाबांचे फोन मला बहुतेक वेळा मीटिंग उरकल्यावर येतात: "ताई, मुलाला वर्गात मदत हवी हे त्यांना पटलंय, पण बजेट नाही म्हणतात." ही वेळ कुणावर यायलाच नको, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मीटिंगमध्ये पैशाचा विषय तुम्ही आधी काढू नका. आयडीईए या स्पेशल एज्युकेशनच्या कायद्यात क्रम ठरलेला आहे. आधी मुलाची गरज ठरते, मग ती भागवणारी सेवा. सेवा आयईपीत लिहिली गेली की ती देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक होतं, आणि तीही फुकट. वागण्यामुळे मुलाच्या स्वतःच्या किंवा इतरांच्या शिकण्यात अडथळा येत असेल, तर आयईपी ठरवणाऱ्या टीमने पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्टचा, म्हणजे शिक्षेऐवजी चांगलं वागणं शिकवणाऱ्या मदतीचा, विचार करायलाच हवा, हेही कायद्यात लिहिलेलं आहे. 2017 साली एन्ड्रू एफ. विरुद्ध डग्लस काउंटी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही. त्या मुलाच्या परिस्थितीत योग्य ठरेल अशी प्रगती व्हावी, असाच आयईपी आखायला हवा. खटल्यातल्या एन्ड्रूला ऑटिझम होता. पब्लिक शाळेत वर्षानुवर्षं जवळपास तीच उद्दिष्टं पुढे ढकलली जात होती. दुसऱ्या शाळेने नीट बिहेविअर प्लॅन केला आणि त्याचं शिकणं सुरू झालं.

आता गरज मांडायची कशी? "त्याला वन-ऑन-वन एड द्या", म्हणजे फक्त त्याच्यासाठी एक मदतनीस, ही मागणी मी सर्वात जास्त ऐकते. आईबाबांची धास्ती मला समजते. पण दिवसभर एक माणूस म्हणजे सगळ्यात महागडी सेवा, त्यामुळे तिथेच घोडं अडतं. शिवाय मूल त्या माणसावर अवलंबून राहायला लागतं. त्याआधी एफबीए मागा, म्हणजे वागण्यामागचं कारण शोधणारी तपासणी. लेखी मागा, ईमेलने चालेल.

दुसरीतला एक मुलगा रोज टेबलाखाली जाऊन बसायचा. निरीक्षणात दिसलं की गोष्ट वाचताना तो अगदी शांत असे. लिहायचा कागद समोर आला की खाली जाई. मग आयईपीत काय लिहिलं? लिहिण्याचं काम तुकड्यातुकड्याने, ब्रेक मागायचं कार्ड, लिहिण्याच्या तासाला पॅरा (वर्गातला मदतनीस), आणि टीचरला व पॅराला माझ्याकडून ट्रेनिंग. दिवसभराच्या एडपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं आणि उपयोगही जास्त झाला.

यातलं शेवटचं कलम पालकांना फारसं माहीत नसतं. आयईपीत "सपोर्ट्स फॉर स्कूल पर्सोनेल" असा भाग असतो, म्हणजे शिक्षकांना मिळायची मदत. तिथे ट्रेनिंग लिहून घ्या, आणि मिनिटांत लिहून घ्या. "गरजेप्रमाणे" हा शब्द आला की मी सावध होते, कारण गरज कधी आहे ते मग ज्याच्याकडे वेळ नाही तोच ठरवतो. "दर आठवड्याला 30 मिनिटं" असं लिहिलेलं मोजता येतं. मोजता आलं की डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला त्याची किंमतही काढता येते. तासांचा हिशेब करताना ट्रेनिंगच्या वेळी वर्ग सांभाळणाऱ्या सबस्टिट्यूटचे पैसे धरले आहेत ना, हे विचारा. तेच सुटतं आणि मग ट्रेनिंग महिनोन्महिने पुढे जातं.

पैसे कुठून येतात हे माहीत असलं की बोलणं सोपं जातं. मोठा वाटा राज्याचा आणि स्थानिक करांचा असतो. 1975 मध्ये हा कायदा झाला तेव्हा केंद्राने देशातल्या प्रति-विद्यार्थी सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत भार उचलण्याची तयारी दाखवली होती. गेली कित्येक वर्षं प्रत्यक्षात 15 टक्केसुद्धा येत नाहीत. डिस्ट्रिक्टची ओढाताण खरी असते, हे मी रोज बघते. तरी ते कारण सांगून मुलाची सेवा कापता येत नाही.

केंद्राच्या या रकमेतले 15 टक्क्यांपर्यंत पैसे डिस्ट्रिक्टला अजून स्पेशल एज्युकेशनमध्ये नसलेल्या, पण अडखळणाऱ्या मुलांसाठी वापरता येतात. शाळाभर बिहेविअर सपोर्ट उभा करायला याचा उपयोग होतो. टायटल फोर-ए हा आणखी एक निधी. ज्या डिस्ट्रिक्टला त्यातून 30,000 डॉलर किंवा जास्त मिळतात, त्यांना किमान 20 टक्के मुलांच्या सुरक्षिततेवर आणि आरोग्यावर खर्च करावे लागतात, आणि त्याचं नियोजन करताना पालकांशी बोलावं लागतं. त्या बैठकीला जा. फक्त एक लक्षात ठेवा: हे जादाचे पैसे आहेत. आयईपीत जे द्यायलाच हवं ते यातून भागवायचं नसतं. 504 प्लॅन, म्हणजे स्पेशल एज्युकेशन न लागणाऱ्या पण अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचा सोयींचा आराखडा, याच्या पाठीशी मात्र केंद्राचा वेगळा निधी नसतो. सेवा बंधनकारक असतेच, पण खर्च शाळेच्या नेहमीच्या बजेटमधून होतो.

मेडिकेडबद्दल, म्हणजे मुख्यतः कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल, घोळ फार आहे. 1988 पासून आयईपीतल्या काही सेवांचे पैसे शाळेला मेडिकेडकडून घेता येतात. कुठल्या सेवा आणि कुणी दिलेल्या, हे राज्यावर ठरतं. आपल्याकडच्या चांगल्या पगाराच्या घरांना वाटतं की हे आपल्यासाठी नाही. पण काही राज्यांत अपंगत्वाच्या वेव्हरखाली, म्हणजे नेहमीच्या नियमांतून दिलेल्या सवलतीखाली, पालकांची मिळकत न बघता मुलाला मेडिकेड मिळतं. शाळा कन्सेंटचा फॉर्म पाठवते तेव्हा आईबाबा घाबरतात: घरी चालू असलेल्या थेरपीचे तास गेले तर? ज्याने मुलाचे लाभ कमी होतील, प्रीमियम वाढेल किंवा वेव्हर धोक्यात येईल, अशा प्रकारे शाळेला मेडिकेड वापरता येत नाही. सही करायची की नाही, हा तुमचा निर्णय. नाही केली तरी आयईपीतली सेवा थांबत नाही. प्रायव्हेट इन्शुरन्सचं याहून कडक आहे: प्रत्येक वेळी वेगळी संमती लागते. मी स्वतः प्रायव्हेटसाठी सही करताना दहादा विचार करायला सांगेन, कारण डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि व्हिजिटच्या मर्यादा तुमच्या घरच्या थेरपीला भिडतात.

एवढं करूनही तोंडी नकार आला, तर शांतपणे म्हणा, "हे मला प्रायर रिटन नोटिसमध्ये द्या." नकाराचं कारण आणि तो कशाच्या आधारावर दिला, हे डिस्ट्रिक्टला लेखी द्यावंच लागतं. "पैसे नाहीत" असं कागदावर लिहायला कुणी सहसा तयार होत नाही. तिथेच बऱ्याचदा चर्चा पुन्हा सुरू होते. मीटिंगमधलं इंग्रजी घरातल्या कुणाला जड जात असेल तर आधी कळवून दुभाषा मागा. पालकांना चर्चा समजेल अशी सोय करणं शाळेचं काम आहे. प्रत्येक राज्यात केंद्राच्या निधीवर चालणारं किमान एक पेरेंट ट्रेनिंग अँड इन्फर्मेशन सेंटर असतं. कागद घेऊन तिथे जा, सल्ला फुकट मिळतो.

वेळही साधावी लागते. बहुतेक डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि पुढच्या वर्षीच्या जागा हिवाळ्यातच ठरायला लागतात, म्हणून एफबीएची मागणी शरद ऋतूत, शाळा सुरू होऊन मूल जरा स्थिरावलं की लगेच करा. वसंतात स्पेशल एज्युकेशनच्या डिरेक्टरना विचारा, आयडीईएचा काही कॅरीओव्हर शिल्लक आहे का? ते पैसे वापरायला एकूण 27 महिन्यांपर्यंत मुदत असते, त्यामुळे कधीकधी रक्कम उरलेली असते. ट्रेनिंगसारखा एकदाच होणारा खर्च त्यात छान बसतो. कुणाचा पगार मात्र त्यातून मागू नका. पुढच्या वर्षी रक्कम संपली की ती जागाही जाते.