रात्री सायकल चालवताय? आधी मागचा लाल लाईट घ्या, मग बाकीचं

सायकलला रात्री लाईट लागतो का असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, तुम्ही कधी रात्री गाडी चालवताना बिनलाईटच्या सायकलवाल्याच्या मागे आलाय का? कारण सायकलवर बसलेल्या माणसाला वाटतं की रस्त्यावर खांबांचे दिवे आहेत, मला खड्डे दिसतायत, मग लाईट कशाला उगाच. तुम्हाला दिसतंय हो सगळं. तुम्ही दिसत नाही, घोळ तिथे आहे.

मला हे कळलं ते स्टिअरिंगवर बसून. पुण्यात सिंहगड रोडला, पावसाळ्यात, रात्री साडेनऊची वेळ, समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर मारून येतोय, काचेवर पाणी, वायपर फटफट करतोय आणि डाव्या अंगाला एकदम दोन पिवळे ठिपके, वर-खाली, वर-खाली. क्षणभर कळेचना हे काय आहे. मग पेटलं की अरे हे पेडल आहेत, आणि पेडलच्या वर एक अख्खा माणूस आहे, काळा रेनकोट, काळी सायकल, कॅरिअरला पिशवी. त्याला त्या पेडलच्या रिफ्लेक्टरनी वाचवलं, माझ्या ड्रायव्हिंगनी नाही. आणि लाजेची गोष्ट अशी की तेव्हा मी स्वतः आठवड्यातून तीनदा ऑफिसहून तसाच बिनलाईटचा घरी यायचो.

हिशोब साधा आहे. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दिसलं, कळलं आणि पाय ब्रेकवर गेला यातच दीड सेकंद जातो म्हणजे २५ मीटर संपले, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून वीसेक मीटर, ओला असेल तर जास्तच. डिपरवर असलेल्या हेडलाईटमध्ये काळ्या कपड्यातला माणूस चाळीसेक मीटरच्या आत येईपर्यंत धड दिसत नाही. म्हणजे उरलं काय? काहीच नाही. तोच सायकलवाला मागे एक साधा लाल दिवा लावून असेल तर सरळ रस्त्यावर दोन-तीनशे मीटरवरून कळतं की पुढे कोणीतरी आहे, आणि गाडीवाला आरामात बाजूनी जातो, बहुतेक वेळा त्याला तुम्ही नंतर आठवणारही नाही, आणि तेच तर पाहिजे.

म्हणून माझं सरळ म्हणणं, पैसे कमी असतील तर आधी मागचा लाल. लोक उलटं करतात, पुढे बॅटरीसारखा झगझगीत लाईट आणि मागे अंधार. पुढून येणारा निदान तुमच्या तोंडासमोर असतो, तुम्ही त्याला बघून बाजूला तरी होऊ शकता. मागून येणाऱ्याचं तुमच्या हातात काहीच नसतं.

मागचा लाईट घेताना ल्युमेनच्या, म्हणजे उजेड मोजायच्या आकड्याच्या, फार मागे लागू नका, शहरात २०-३० ल्युमेनचा सुद्धा भरपूर होतो, हायवेवर जाणार असाल तर ५० च्या आसपास बघा. त्यापेक्षा तो बाजूनी पण दिसतो का हे बघा, कारण चौकात आडवे जाता तेव्हा तुमची कड दिसायला हवी. लावायचा सीटखालच्या दांड्याला, सरळ मागे तोंड करून. आणि मग एक काम नक्की करा, सायकल स्टँडवर लावा, लाईट चालू करा, रोजची सॅक-पिशवी-डबा जे काय असेल ते अडकवा, जर्किन घालून एखाद्याला सीटवर बसवा आणि वीस पावलं मागे जाऊन बघा. निम्म्या लोकांचा लाईट जर्किनच्या मागच्या टोकाखाली नाहीतर पिशवीमागे झाकलेला असतो आणि बिचारे वर्षभर लाईट चार्ज करत असतात. कॅरिअर असेल तर लाईट कॅरिअरच्या मागच्या टोकाला बांधा, सीटखाली नको.

आता पुढचा. इथे आधी ठरवा की दिसायला हवाय की बघायला. खांबाचे दिवे असलेल्या रस्त्यानी ऑफिस-घर एवढंच असेल तर १००-२०० ल्युमेन झाले. सोसायटीच्या मागचे अंधारे रस्ते, खडी पडलेली, रंग न मारलेले स्पीडब्रेकर असं असेल तर ३००-४००. रात्री किंवा पहाटे घाट उतरणार असाल तर ६०० च्या वर. ऑनलाईन जे शेपाचशे रुपयात '१०,००० ल्युमेन' लिहिलेले लाईट मिळतात ना, तो आकडा सोडून द्या, एका सेलवर चालणाऱ्या एवढ्याशा डबीतून एवढा उजेड येत नाही.

पण पुढच्या लाईटमध्ये उजेडापेक्षा त्याचा कोन जास्त महत्त्वाचा आणि नेमकं तेच कोणी करत नाही. रात्री भिंतीसमोर साताठ मीटरवर सायकल उभी करा, लाईट लावा, हँडलवर लाईट जेवढ्या उंचीवर आहे त्याच्यापेक्षा भिंतीवरचा सगळ्यात लख्ख गोळा वीतभर तरी खाली पडला पाहिजे. वर पडत असेल तर तुम्ही समोरच्याच्या डोळ्यात मारताय, त्याला काहीच दिसत नाही, आणि ज्याला काही दिसत नाही तो तुमच्याच दिशेनी येतोय हे लक्षात घ्या. आपण कारवाल्यांना अप्परवरून शिव्या घालतो आणि स्वतः ८०० ल्युमेन सरळ समोर धरून जातो. जर्मनीत सायकलच्या लाईटला नियम आहेत, उजेडाची वरची कड गाडीच्या डिपरसारखी कापलेली असावी लागते आणि ब्लिंक करणारे लाईट सायकलवर चालत नाहीत. तसे वरून कापलेल्या बीमचे लाईट आता आपल्याकडेही मिळतात, थोडे महाग पडतात पण रोज रात्री चालवणाऱ्यानी तेच घ्यावेत.

ब्लिंकवरून लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत असं की पुढचा रात्री कायम स्थिर, कारण अंधारात लुकलुकणाऱ्या उजेडात खड्ड्याची खोली कळत नाही आणि समोरच्याला तुमचं अंतर कळत नाही. मागचा शहराच्या गर्दीत हळू ब्लिंकवर चालेल पण दोन लाईट असतील तर एक स्थिर ठेवा. ग्रुपमध्ये मात्र मागचा ब्लिंक बंद म्हणजे बंद, तुमच्या मागे जो तासभर चालवतोय त्याचं डोकं उठतं.

आता जे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित, ते म्हणजे रेडियम. नंबरप्लेटवाल्याच्या दुकानात किंवा ट्रकचं सामान विकणाऱ्याकडे रेडियमची पट्टी मिळते, थोड्याशा पैशात अख्खी सायकल होते. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही, ऊसाच्या सीझनला बैलगाड्या आणि ट्रॉल्यांच्या मागे रेडियम, रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दरवर्षी असतात कारण बिनलाईटची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असली की काय होतं ते तिकडे सगळ्यांनी बघितलंय. सायकलला मागच्या मडगार्डला लाल, पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) पांढरी, आणि क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्यांना जोडलेले असतात त्या दांड्यांना दोन्ही बाजूनी. शिवाय पायाच्या घोट्याला रेडियमचा पट्टा. घोटा का, तर तो हलतो. छातीवरचं जॅकेट लांबून रस्त्याकडेच्या बोर्डासारखं पण वाटू शकतं, पण वर-खाली होणारा ठिपका बघितला की माणसाच्या डोक्याला लगेच कळतं की हा पाय आहे. मला सिंहगड रोडला कळलं ते असंच. फक्त एक समजून घ्या, रेडियम स्वतः उजेड देत नाही, कोणाचा तरी हेडलाईट पडला तरच चमकतो, त्यामुळे गल्लीतून आडवी येणारी बाईक किंवा बिनलाईटचा दुसरा सायकलवाला यांच्यासाठी त्याचा उपयोग शून्य. लाईटच्या जोडीला रेडियम, लाईटच्या ऐवजी नाही.

जुन्या लोकांना डायनॅमो आठवत असेल. टायरच्या कडेला घासणारी बाटली, ६ व्होल्ट ३ वॅट, घर्र आवाज, चढाला पाय भरून यायचे आणि सिग्नलला थांबलं की दिवा विझायचा, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी अंधार. पावसात टायरवरून सटकायचा ते वेगळंच. तरी त्याचं एक बरं होतं, चार्ज करायला विसरलो असं कधी व्हायचं नाही.

आता चार्जिंगचंच बघा. बहुतेक लाईट वर्षभरानी डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या बरेच आधी मान टाकतात, म्हणून नवा असतानाच एकदा पूर्ण चार्ज करून, तुम्ही वापरता त्या मोडवर, किती तास चालतो ते घड्याळ लावून बघा आणि दर सहा महिन्यांनी परत बघा. मी रविवारी रात्री मोबाईलबरोबर दोन्ही लाईट चार्जिंगला लावतो. शिवाय सॅकच्या छोट्या कप्प्यात बटणसेलवाला एक बारका लाल दिवा कायम पडलेला असतो, तो आत्तापर्यंत दोनदा कामाला आला. मोबाईलचा टॉर्च रबरबँडनी हँडलला बांधणं हा उपाय नाही, पहिल्या खड्ड्यात मोबाईल आणि उजेड दोन्ही जातात. पावसाळ्यासाठी निदान आयपीएक्स४ (सगळीकडून उडणारं पाणी सोसतो अशी खूण) लिहिलेला लाईट घ्या आणि चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट दाबा, पाणी तिथूनच शिरतं. सायकल बाहेर लावून चहाला गेलात तर लाईट काढून खिशात, सांगून ठेवतो.

पहाटे निघणाऱ्यांना वाटतं की हा लेख आपल्यासाठी नाही. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तुम्ही साडेपाचला सिंहगडला निघालात तर निम्मी राईड रात्रीचीच आहे, आणि त्या वेळेला रात्रभर चालवून पेंगुळलेले ड्रायव्हर रस्त्यावर असतात. घाट उतरताना ४० चा स्पीड म्हणजे सेकंदाला ११ मीटर, लाईट २० मीटर दाखवत असेल तर खड्डा दिसल्यावर तुमच्याकडे दोन सेकंदसुद्धा नाहीत, तेव्हा लाईट दाखवेल तेवढाच स्पीड. समोरून अप्पर आला तर त्याच्याकडे बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरा आणि हेल्मेटची टोपी थोडी खाली करा. आणि साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्यासारखं काही लागणार असेल तर भर दुपारी पण दोन्ही लाईट चालू. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, करणाऱ्यांना हे माहीतच असतं, तिथे रात्रीच्या राईडला पुढे-मागे लाईट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर चालवूच देत नाहीत.

दिवसा पण लावावा का? डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात २००४-०५ ला ३,८४५ सायकलवाल्यांचा प्रयोग झाला, साधारण निम्म्यांच्या सायकलला चालवताना दिवसरात्र आपोआप पेटणारे, चुंबकावर चालणारे दिवे लावले, त्यांच्यात जखमी होण्याचे अपघात १९ टक्के कमी निघाले. मी पावसाळ्यात आणि धुक्यात दिवसा लावतो, उन्हाळ्यात नाही, आळस.

आपल्याकडे सायकल मोटार वाहन कायद्यातल्या 'मोटार वाहना'त बसत नाही त्यामुळे आरटीओ काही तुमच्या सायकलचं पासिंग करायला येत नाही, जे करायचं ते आपणच. आणि शक्य असेल तर आपल्यापुरतं नको. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका रात्रपाळीला सात-आठ किलोमीटरवरून सायकलनी येतात, काळी जुनी सायकल, ब्रेकसुद्धा नावाला. गेल्या दिवाळीत त्यांना मागचा एक लाल दिवा दिला आणि उरलेली रेडियम पट्टी घेऊन दोघांनी मिळून अर्ध्या तासात मडगार्ड, क्रँक, फोर्क सगळं चिकटवलं. काकांनी लांब जाऊन मोबाईलचा टॉर्च मारून बघितला, सायकल चमकली, खूश झाले. मग म्हणाले, "दादा, एवढं केलंच हाय तर मागं 'आईचा आशीर्वाद' पण टाकून घेऊ का रेडियममधी?"