नैरोबीला एकटीने राहायला निघालेल्या ठाणेकरणींसाठी

दरवर्षी सुट्टीत मी नैरोबीहून ठाण्याला आले की घंटाळीच्या आमच्या घरी एक तरी मुलगी येते, बरोबर तिची आई. मुलीला नैरोबीत नोकरी लागलेली असते आणि आईचा चेहरा उतरलेला असतो. या वेळची ऐरोलीहून आली होती. प्रश्न वहीत लिहून आणले होते, पहिलाच प्रश्न: कुकर न्यायचा का? न्या. जादा रिंगा दोन न्या. पण वहीच्या दोन पानांत पिवळ्या कार्डाचं नाव नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

यलो फीव्हरची, म्हणजे पीतज्वराची, लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि टोचल्यापासून दहा दिवसांनी तिचं पिवळं कार्ड लागू होतं. भारतातून थेट गेलात तर केनियात ते मागत नाहीत, म्हणून ऑफिसातले अनुभवी लोक सांगतात, ‘काही लागत नाही गं.’ मागतो आपला देश, परत येताना. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मी लस घेतली होती, कार्डही होतं, फक्त ते नैरोबीच्या कपाटात होतं. पहिल्याच वर्षी गणपतीला येत होते. शेजारणीकडून फोटो मागवला, तर तो चालेना, अस्सलच हवं. आमचा गणपती पाच दिवसांचा. मी खोलीत बसून फोनवर आरती ऐकली. सुटून घरी पोचले तेव्हा मखर उतरवलेलं होतं आणि आईने माझ्या वाटणीचा उकडीचा मोदक फ्रिजमध्ये ठेवला होता, दगड झालेला. तेव्हा कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच ठेवा. मोठ्या बॅगेत नको, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको. लस एकदाच घ्यायची आहे, २०१६ पासून कार्ड आयुष्यभर चालतं. तरीही दरवर्षी कोणीतरी अडकतंच.

सामानाचं थोडक्यात. तूरडाळ, हिंग, पोहे सगळं नैरोबीच्या पार्कलँड्स भागात मिळतं. गोडा मसाला, आमसुलं आणि भाजणी न्या. बांधाबांध कापडी पिशव्यांत करा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, आणि ती आपल्यासारखी चार दिवसांची नाही. स्वेटर न्याच. नैरोबी महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे, जुलैत हुडहुडी भरते.

आता आपल्या लोकांबद्दल. पोचल्या पोचल्या ते तुम्हाला प्रेमाने जेवायला बोलावतील आणि आमटी वाढता वाढता कोणाला कुठे लुटलं याच्या कथा सांगतील. त्यातल्या काही खऱ्या असतात. पण वीस वर्षं तिथे राहून ज्यांना ‘पोले’ या तिथल्या स्वाहिली शब्दाचा अर्थ माहीत नाही, त्यांच्याकडून शहर शिकू नका. (कोणी ठेचकाळलं, आजारी पडलं, पावसात भिजलं की ‘पोले’ म्हणायचं, तुमची चूक नसली तरी. मला हा शब्द फार आवडतो.) गेटवरच्या पन्नाशीच्या रखवालदाराला ‘बॉय’ म्हणून हाक मारणारे आपलेच लोक पाहिले की मान खाली जाते. मंडळाच्या गणपतीला, दिवाळीला जरूर जा, पण घर मात्र निव्वळ आपल्या लोकांचं कंपाउंड बघून घेऊ नका. पाण्याची टाकी केवढी आहे आणि रात्री गेटवर कोण असतं, ते बघा.

एकट्या बाईला तिथे सांभाळते ती ‘मामा म्बोगा’, म्हणजे कोपऱ्यावरची भाजीवाली. माझी भाजीवाली छत्रीखाली स्टुलावर बसते, मांडीवर परात असते. सुकुमाच्या पानांची सुरळी करून, फळी न घेता, हातातल्या हातात दोऱ्यासारखी बारीक चिरते आणि नजर रस्त्यावर. सुकुमा म्हणजे जाड पानांची पालेभाजी, आपल्यासारखी लसणाची फोडणी देऊन छान होते. सुपरमार्केटात ती धुऊन, बांधून मिळते, तरी मी रोज हिच्याकडूनच घेते. दुसऱ्या वर्षी मला ताप आला आणि दोन दिवस खाली उतरले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. रखवालदार उभा होता, हातात संत्री. ‘मामाने विचारलंय, मुहिंदी बाई कुठे गेली?’ मुहिंदी म्हणजे भारतीय. ऑफिसातून तोवर एक ईमेल आला होता, रिपोर्ट कधी देणार म्हणून.

स्वाहिली शिका. चाय, चपाती, गारी, दुका, हेसाबू: अर्धी तर ओळखीचीच वाटते. घड्याळ मात्र वेगळं. ते सूर्योदयापासून तास मोजतात, म्हणून ‘सा तातू’ शब्दशः तीन वाजता, पण आपले सकाळचे नऊ. मी प्लंबरसाठी दुपारी तीनला रजा टाकून घरी आले. तो नऊला येऊन, कुलूप बघून गेला होता.

विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो. त्यानंतर दोनशे पावलंसुद्धा चालू नका, टॅक्सी बोलवा. ठाण्याच्या लेडीज डब्यात रोज चढणारीला दिवसाच्या मटाटूची, म्हणजे तिथल्या खाजगी मिनीबसची, भीती वाटायचं कारण नाही, फक्त खिडकीशी बसून फोन काढू नका, बाहेरून हात येतो. सोनं ठाण्यातच ठेवा. एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवायची तिथली सोय) ‘चुकून पैसे आले, परत पाठवा’ असा फोन आला तर आधी शिल्लक बघा, नव्वद टक्के काही आलेलं नसतं. टॅक्सीवाला हमखास विचारतो, नवरा कुठे आहे? वाद घालू नका, व्याख्यानही देऊ नका. माझा नवरा गेली अकरा वर्षं पुढच्या आठवड्यात येतोय.

फिरा मात्र भरपूर. किनाऱ्यावरच्या मोम्बासाला रेल्वेने जा, दिवसाच्या गाडीने. वाटेत त्सावोच्या अभयारण्यात डब्याच्या खिडकीतून हत्ती दिसतात, लाल मातीने माखलेले. रात्रीची बस स्वस्त पडते, तरी नको. किनाऱ्यावर मलेरिया आहे, डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घ्या. रवांडाच्या किगालीत मोटारसायकल-टॅक्सीवाला तुमच्यासाठी हेल्मेट घेऊनच येतो. एकटीने पहिला प्रवास करायला मला तेच शहर सगळ्यात सोपं वाटलं. इथिओपियाच्या आदिस अबाबात कॉफी प्या आणि वेळ दोनदा विचारा, तिथलं घड्याळही सूर्योदयापासूनच चालतं.

ऐरोलीची मुलगी हे सगळं वहीत उतरवून उठली. म्हणाली, ‘मावशी, लसीचं बघते पुढच्या आठवड्यात.’ मी दार लावून घेतलं. आईला आणखी एक चहा दिला आणि लसीची वेळ ठरल्यावरच दोघींना जिना उतरू दिला.