जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणताय? या चुका टाळा

सांगलीत जुनी गाडी बघायला गेलात तर बॉनेट उघडण्याआधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेला राहणारा तो पट्टा धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. तिथे तपकिरी रेघ दिसली किंवा बोटाला बारीक गाळ लागला, तर गाडी कृष्णेच्या पुरात बसून आलीय. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा शहरात पाणी शिरलं होतं. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते, कारण पाणी वायरिंगच्या जोडांत शिरतं आणि गंज वर्षभराने बोलायला लागतो.

गाडी घरी आली की हौशी माणूस आधी रंगाला पळतो. रंग शेवटी. डॅशबोर्ड निघणार, दारं उतरणार, पाने-पकडी घासणार. नवा रंग गॅरेजमध्येच खराब करून घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

सगळ्यात जास्त पैसा जातो तो कधी दिसणाऱ्या, कधी गायब होणाऱ्या फॉल्टवर. २००१ साली आलेली पॅलिओ १.६ घ्या. १०० अश्वशक्तीच्या या हॅचबॅकवर आजही जीव टाकणारे लोक आहेत. सकाळी एका सेल्फात चालू होणारी गाडी दुपारी, इंजिन तापल्यावर, नुसती कुंथते. मिस्त्री बॅटरी बदलतो, मग सेल्फ खोलतो, शेवटी ईसीयूवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, संशय घेतो. बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला आणि बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी मात्र कुणी बघत नाही. गंजलेल्या जोडाचा अडथळा उष्णतेने वाढतो, म्हणून थंड असताना गाडी साळसूद.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नाही. दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. आता दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ठीक. ०.५ च्या वर गेला तर पट्टी किंवा तिचा जोड गेला. बोल्ट काढा, पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपर मारा, नवी पट्टी घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. मग तीच तपासणी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या जाड वायरीपर्यंत करा. सेल्फ जोमात फिरतोय, पण तापल्यावर इंजिन पेटत नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप पेटतं, असं असेल तर मात्र क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा सेन्सर, बघा.

सॅन स्टॉर्म हाती लागली असेल तर अर्थिंगचं दुखणं दुप्पट. ही आपल्याकडची दोन सीटची स्पोर्ट्स कार, बॉडी फायबरची. पत्र्याच्या गाडीत पत्राच करंट परत नेतो, फायबर नेत नाही. त्यामुळे नवीन हॉर्न किंवा फॉगलॅम्प बसवताना अर्थची वायर बॉडीला स्क्रूने जोडून भागत नाही, स्वतंत्र वायर चॅसीपर्यंत ओढावी लागते.

“हीट होते ना? थर्मोस्टॅट काढून टाकू.” हा सल्ला आपल्याकडे चहाबरोबर फुकट मिळतो. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना गाडी तापत असेल तर रेडिएटर तुंबलाय, पंखा वेळेवर लागत नाही किंवा कॅप दाब धरत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढली की इंजिन नीट तापतच नाही, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल जास्त जात राहतं, मायलेज पडतं. दुखणं तिथेच. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणीही ओतू नका. क्षार आत थर धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या.

पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या सरसकट बदला. आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. इंजेक्शनच्या गाडीत दाब सुमारे ३ बार असतो, तिथे कार्ब्युरेटरची साधी नळी लावणं म्हणजे आगीला आवतण. गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर तेच पेट्रोल टाकीत सडू देऊ नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं.

टायरची नक्षी शाबूत असली तरी कडेचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. असा टायर घाटात नेऊ नका.

आणि टोकन देण्याआधी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, बघा. १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण ५-५ वर्षांचं असतं, त्याची मुदत तपासा. इंजिन आणि चॅसी नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. इंजिन बदललं असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर ती नोंद करून आणायचं काम विकणाऱ्याच्याच गळ्यात ठेवा.