वल्हवायला शिकताना तलावाकाठी तळ कोठे ठोकावा?

कयाक (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालणारी अरुंद नाव), कॅनो (एका पात्याच्या वल्ह्याची उघडी नाव) किंवा पॅडलबोर्ड (उभे राहून वल्हवायची फळी) वल्हवायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर दोन-तीन दिवस एकाच तलावाकाठी मुक्काम करून रोज थोडा थोडा वेळ पाण्यात उतरावे. एकाच पाण्याशी सकाळ-संध्याकाळ गाठ पडली, की वारा कोणत्या वेळी उठतो, कोणत्या कोपऱ्यात पाणी शांत राहते आणि आपले हात नेमके केव्हा दमतात, हे हळूहळू उमजू लागते. मात्र मुक्कामाची जागा ठरवताना बहुतेक जण तंबूतून दिसणारे दृश्य, स्वच्छतागृहे आणि गाडी लावण्याची सोय आधी पाहतात आणि पाण्याचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम उलटा असावा. कोणतीही जागा समोर आली की स्वतःला आधी एकच प्रश्न विचारावा : हात दमलेले आहेत आणि वारा समोरून येत आहे, अशा वेळी मी येथे सुखरूप परत येऊ शकेन का? पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच आहे.

आधी तलाव, मग जागा

तलावातील लाटा किती मोठ्या होतील हे तीन गोष्टींवर ठरते. वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहत राहिला आहे आणि मोकळ्या पाण्यावरून धावण्यासाठी त्याला सलग किती अंतर मिळाले आहे, या त्या तीन गोष्टी. पहिल्या दोन आपल्या हातात नसतात. तिसरी, म्हणजे वाऱ्याचा पल्ला, तलाव निवडतानाच आपण निवडत असतो. अर्धा किलोमीटर रुंदीच्या पाण्यावर जो वारा केवळ लहरी उठवतो, तोच वारा आठ किलोमीटरच्या मोकळ्या पाण्यावरून आला तर पलीकडच्या काठावर नवशिक्याला न झेपणाऱ्या लाटा आपटवतो. म्हणून वाटोळ्या, चहूबाजूंनी उघड्या विस्तीर्ण सरोवरापेक्षा वळणे घेत गेलेला, मधे बेटे असलेला, जमिनीत फाटे शिरलेला तलाव शिकणाऱ्यासाठी कितीतरी चांगला. डोंगरांच्या दोन रांगांमधील लांबट आणि अरुंद तलाव मात्र फसवा असतो, कारण तेथे वारा दरीच्या दिशेने एकवटून लांबीच्या बाजूने वाहतो आणि त्याला संपूर्ण तलावाचा पल्ला मिळतो.

उपग्रहचित्र किंवा उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा उघडावा. त्या ऋतूत वारा बहुधा कोणत्या दिशेने येतो हे हवामानाच्या नोंदींवरून पाहावे आणि मुक्कामाच्या जागेपासून त्या दिशेला एक सरळ रेष ओढावी. ती रेष जमिनीला टेकण्याआधी पाण्यावरून किती लांब जाते, ते मोजावे. माझ्या मते नवशिक्याने हे अंतर एक किलोमीटरच्या आत ठेवावे. ब्युफोर्ट या वाऱ्याच्या मापनश्रेणीत ताशी 12 ते 19 किलोमीटर हा तिसरा अंक आहे. त्यात लाटांचे शेंडे फुटून तुरळक पांढरा फेस दिसू लागतो. ताशी 20 ते 28 किलोमीटरच्या चौथ्या अंकात तो जागोजागी दिसतो. फेस दिसू लागला की नवशिक्याने आडोशाच्या पाण्यातच राहावे, असा नियम पाळावा आणि असे आडोशाचे पाणी तळाच्या जवळ आहे की नाही, हे निवडीच्या वेळीच पाहावे.

धरणाचा जलाशय असेल तर आणखी एक चौकशी आवश्यक आहे. जलाशयाची पातळी वर्षभर बदलत असते. नकाशावर तंबूसमोर दिसणारा काठ प्रत्यक्षात चिखलाच्या रुंद पट्ट्यापलीकडे गेलेला असू शकतो आणि पातळी उतरल्यावर बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली जेमतेम वीतभर राहतात. व्यवस्थापनाला फोन करून सध्याची पातळी विचारावी. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी खेचून घेणारी तोंडे यांपासून तळ लांब असावा. तेथे तरंगणाऱ्या खुणांची साखळी लावलेली असते आणि ती कोणत्याही कारणाने ओलांडू नये.

पाण्याच्या तापमानाबद्दल मी मुद्दाम थोडे अधिक लिहितो, कारण ऊबदार हवेत याची आठवण राहत नाही. हवेपेक्षा पाणी फार सावकाश तापते. खोल तलाव, तसेच बर्फ वितळून भरणारे तलाव, वर ऊन कडक असतानाही अतिशय थंड असू शकतात आणि पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते. 15 अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात माणूस अचानक पडला, तर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप धापांनी आत ओढला जातो आणि त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर उत्तम पोहणाराही बुडू शकतो. अतिथंड पाण्यासाठी बचावकार्यातील लोक एक-दहा-एक हे सूत्र शिकवतात : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातापायांनी उपयोगी हालचाल करण्यासाठी सुमारे दहा मिनिटे आणि थंडीने शुद्ध हरपेपर्यंत सुमारे एक तास. या सूत्रातला प्रत्येक आकडा अंगावर लाइफ जॅकेट आहे असे धरून सांगितलेला आहे. त्यामुळे शिकण्यासाठी उथळ आणि लवकर तापणारे पाणी असलेला तलाव शोधावा. तसा मिळाला नाही, तर थंड पाण्यासाठीचा वेटसूट, म्हणजे पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा घट्ट पोशाख, घेऊनच जावे.

कोणता काठ घ्यावा?

एकाच तलावाच्या दोन काठांवरचे अनुभव अगदी निराळे असू शकतात, आणि नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक येथेच होते. समजा, वारा तळाच्या पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून पाण्याकडे वाहत आहे. काठाशी झाडांच्या आडोशाने पाणी आरशासारखे दिसते, नाव अलगद पुढे सरकते आणि आपण चांगले वल्हवत आहोत असा भास होतो. वास्तविक वारा आपल्याला ढकलत असतो. काठापासून दूर गेल्यावर आडोसा संपतो आणि परत वळताच तोच वारा छातीवर येतो. नवशिका शांत पाण्यात ताशी तीन ते चार किलोमीटर जातो. समोरच्या वाऱ्यात हा वेग सहज निम्म्यावर येतो आणि जरा हात थांबवला की नाव मागे वाहू लागते. उलट काठावर, जेथे वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो, तेथे नाव उलटली तरी माणूस आणि नाव दोन्ही काठाकडेच वाहत येतात. मात्र तेथे लाटा थेट आपटत असल्याने पाण्यात उतरणेच अवघड होऊन बसते.

या दोन्हींमधला मार्ग म्हणजे काठाचा आत वळलेला कोपरा, ज्याच्या तोंडाशी जमिनीची एखादी जीभ पाण्यात घुसलेली आहे आणि वारा काठाला साधारण समांतर वाहतो. अशा ठिकाणाहून निघताना आधी काठाकाठाने वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि हात दमू लागल्यावर वाऱ्यासोबत परतावे. तळ तलावाच्या अगदी टोकाला न घेता वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला काही अंतर मोकळे राहील असा घेण्याचे कारण हेच.

जागेवर गेल्यावर या माहितीची पडताळणी डोळ्यांनीही करता येते. झाडे एका बाजूला झुकलेली असतील, तर वाऱ्याची नेहमीची दिशा कळते. वाहून आलेल्या फांद्या आणि फेसाचा पट्टा जेथे साठला आहे, तो काठ लाटांचा मार खाणारा असतो. लव्हाळी आणि कमळाची पाने मात्र शांत पाण्यातच मूळ धरतात, म्हणून ती जेथे दाट आहेत तेथे आडोसा आहे असे समजावे. त्यांच्यात नाव घालू नये, कारण तेथे पक्ष्यांची घरटी असतात.

तलावाकाठी राहण्याचा खरा लाभ पहाटे मिळतो. दिवस चढतो तशी जमीन पाण्याहून लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तलावावरची गार हवा काठाकडे वाहू लागते. त्यामुळे दुपारचे पाणी सकाळपेक्षा बहुधा अस्वस्थ असते. ज्याला गाडीने दोन तास प्रवास करून यायचे आहे, त्याची ही शांत वेळ वाटेतच निघून जाते. म्हणून सकाळी तंबूतून निघून काही मिनिटांत वल्हे हाती घेता येईल अशीच जागा निवडावी. फाटक उशिरा उघडते किंवा पाण्यात उतरण्याची परवानगी ठरावीक वेळेनंतरच मिळते, अशी जागा इतर बाबतींत कितीही चांगली असली तरी मी ती सोडून देईन.

पाण्यात उतरण्याची जागा

एका माणसाचा साधा कयाक सुमारे 20 ते 25 किलो भरतो, कॅनो त्याहून जड असते, तर हवा भरायचा पॅडलबोर्ड 8 ते 12 किलोंचा असतो. हे वजन तंबूपासून पाण्यापर्यंत आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, दमल्यावर पाण्यापासून चढावर परत न्यायचे आहे. शंभर मीटरपेक्षा अधिक अंतर असेल तर चाकांची छोटी गाडी लागते किंवा काठावरच नावा बांधून ठेवण्याची सोय असावी लागते. उतरण्यासाठी वाळूचा किंवा बारीक खड्यांचा, हळूहळू खोल होत जाणारा काठ सर्वोत्तम. गुडघाभर पाण्याचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा मिळाला, तर नावेत बसणे, वळवणे आणि उलटल्यावर पुन्हा चढणे या सर्वांचा सराव तेथेच होतो. मोटरबोटी उतरवण्याच्या काँक्रीटच्या उतारावर शेवाळ असते आणि मागून गाड्या येत असतात. उंच लाकडी धक्क्यावरून डुगडुगत्या नावेत पाय टाकणे तर नवशिक्याने टाळावेच.

नकाशावर तीन फेऱ्या आखून पाहाव्यात

जागा पक्की करण्यापूर्वी तेथून निघून तेथेच परत येणाऱ्या तीन फेऱ्या कागदावर काढाव्यात : पहिली दोन किलोमीटरची, दुसरी चार ते पाच आणि तिसरी सात-आठ किलोमीटरची. तिन्ही फेऱ्या काठापासून सुमारे 50 मीटरच्या आत राहाव्यात आणि कोठेही तलाव आडवा ओलांडावा लागू नये. पाच किलोमीटरची फेरी ताशी तीन किलोमीटरच्या वेगाने पावणेदोन तासांची होते. त्यात विश्रांती आणि वाऱ्यासाठी तासभर मिळवावा. साधारण दर किलोमीटरला काठावर उतरता येईल अशी एखादी जागा दिसली पाहिजे. उभा कडा, दाट दलदल किंवा खासगी कुंपण यांनी काठ सलग व्यापलेला असेल, तर ती फेरी कागदावर छोटी असली तरी प्रत्यक्षात लांबच समजावी. अशा तीन फेऱ्या बसत नसतील, तर दुसरी जागा शोधावी.

फोनवर विचारायचे प्रश्न

जाहिरातीतील छायाचित्रांपेक्षा दहा मिनिटांचे संभाषण अधिक उपयोगी पडते. मोटरबोटींना परवानगी आहे का, असल्यास त्यांच्या वेगावर काठाजवळ मर्यादा आहे का, हे आधी विचारावे. वल्हवण्यासाठी परवाना लागतो का, तेही विचारावे. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय आली आहे का, याची खात्री करावी. निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांची ही साय विषारी असू शकते आणि ती असताना पाण्यात उतरू नये. नावा भाड्याने मिळत असतील, तर लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे आहे ना, हे विचारावे. जॅकेट माणसाला किती जोराने तरंगवते ते न्यूटनमध्ये मोजतात; 50 न्यूटन दर्जाचे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असते आणि बेशुद्ध माणसाचे तोंड ते पाण्याबाहेर वळवत नाही. पोहता न येणाऱ्याने किमान 100 न्यूटनचे जॅकेट मागावे. मोबाइलचे जाळे तळावर आहे की पाण्यावरही आहे, हाही प्रश्न सोडू नये.

एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही : तळावर पक्की इमारत आहे का? वादळात तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. पक्की इमारत किंवा धातूच्या छताची बंद गाडीच देते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे दर तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर अंतर. हा अवधी 30 सेकंदांवर आला, तर वीज दहा किलोमीटरवर आली आहे. नवशिक्याने मात्र ही मोजणी करत पाण्यात थांबू नये. पहिला गडगडाट ऐकताच काठ गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे उलटल्याशिवाय पुन्हा पाण्यात जाऊ नये.

पोहोचल्यावर

तंबू पाण्यापासून सुमारे 60 मीटर दूर, किंचित उंचावर आणि वाळक्या फांद्यांपासून बाजूला उभारावा. पाण्याला लागून असलेली जागा मोहक दिसली, तरी तेथे ओल आणि डास अधिक असतात. पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाटही तेथूनच जाते. भांडी घासणेही तितक्याच अंतरावर करावे. नंतर काठावर बसून अर्धा तास नुसते पाणी पाहावे : वारा कोठून येत आहे, बोटी कोणत्या मार्गाने जातात, फेस कोठे दिसतो. पहिल्या दिवशी कोपऱ्याबाहेर न जाता उथळ पाण्यात जॅकेट घालून नाव मुद्दाम उलटवावी आणि पुन्हा चढण्याचा सराव करावा. हे जमल्याशिवाय दुसऱ्या दिवशीची फेरी सुरू करू नये. निघताना कोणत्या फेरीला जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे काठावर थांबणाऱ्या माणसाला सांगावे आणि जॅकेटला शिट्टी बांधावी. रात्री नावा पाण्यापासून वर ओढून, पालथ्या घालून झाडाला बांधाव्यात, कारण रिकामी नाव साध्या वाऱ्यानेही उडून पाण्यात जाते.

तळ सोडताना नावेतले सर्व पाणी तेथेच ओतून द्यावे, चिकटलेली पाने आणि चिखल काढावा आणि दुसऱ्या तलावात नेण्याआधी नाव, वल्हे आणि जॅकेट पूर्ण वाळवावे. उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांच्या परिसरात 1988 साली प्रथम सापडलेला झेब्रा शिंपला हा बाहेरून आलेला उपद्रवी जीव तेथून एका तलावातून दुसऱ्या तलावात गेला, तो मोठ्या प्रमाणात अशा न वाळवलेल्या नावांना चिकटूनच.